जेवणाऱ्याच्या हातात द्या ते अ‍ॅप

लोकांनी घरी स्वयंपाक करावा म्हणून मोबाईल अ‍ॅप काढायचं, ही कल्पना सध्या बऱ्याच तरुणांच्या डोक्यात आहे. कल्पनेला माझा विरोध नाही. चीड येते ती तिच्या पोटातल्या समजुतीची. लोकांना रांधायचा कंटाळा आलाय आणि रोज नवं काय करावं ते त्यांना सुचत नाही, अशी ती समजूत. म्हणून मग रोज एक चमचमीत पाककृती दाखवायची. केली की गुण द्यायचे, सलग सात दिवस केली की पदक. ताटाचा फोटो टाकायला लावायचा, शेजारणीच्या ताटाशी तुलना करायची सोय ठेवायची आणि संध्याकाळी सात वाजता ‘आज काय बेत?’ म्हणून घंटी वाजवायची. एवढं केलं की लोक ओट्याकडे वळतील, असं ही मंडळी मनापासून मानतात.

असे आराखडे माझ्यासमोर अधूनमधून येतात. मी सटाण्याची, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्याची, म्हणून ‘तुमच्याकडच्या बायकांना हे आवडेल का?’ असं विचारलं जातं. या प्रश्नातच सगळं आलं. बोलताना सगळे ‘युजर’ म्हणतात, ‘लोक’ म्हणतात, आणि पहिला पडदा रंगवायची वेळ आली की सगळ्यांच्या हातून एक हसरी बाईच उतरते, हातात उलथणं घेतलेली. तिच्या मागे, टेबलाशी, जेवणाची वाट पाहणारे चेहरे असतात. त्या चेहऱ्यांसाठी अ‍ॅपमध्ये एकही बटण नसतं. त्यांनी काही करायचं आहे, हे आराखडा काढणाऱ्याच्या मनातच आलेलं नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. घरच्या स्वयंपाकासाठी उत्तेजन हवं आहे ते जेवणाऱ्याला. रांधणारीला ते नको आहे. ती रांधतेच आहे.

आळसाचं आधी पाहू. कोण आळशी आहे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या दिवसाचा हिशेब मांडला. सहा वर्षांवरच्या बायकामुलींपैकी शंभरात ८१ जणी रोज घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी शंभरात २६. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. जे थोडे पुरुष करत होते त्यांची ९७. पाच वर्षांनी, २०२४ साली, तीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची मिनिटं २८९ वर आली, पुरुषांची ८८ वर. मधल्या काळात घरोघरी स्मार्टफोन आले, टाळेबंदी येऊन गेली, माणसं महिनोन्‌महिने घरात बसली, आणि पुरुषाची घरकामाची मिनिटं वाढायच्या ऐवजी कमी झाली. हे आकडे समोर असताना ‘बायकांना कंटाळा आलाय’ हे निदान कोणत्या तोंडाने करायचं?

आणि हे झालं देशाचं. बागलाणातल्या बाईचा दिवस बघा. इथला द्राक्षाचा हंगाम जिल्ह्याच्या इतर भागांच्या आधी सुरू होतो. घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, ही बोटांची कामं बायकांच्या टोळ्या करतात. थंडीत उन्हाळ कांद्याची लागवड असते. दिवसभर कमरेत वाकून रोप लावत एकेक सरी पुढे सरकायचं. मार्च-एप्रिलमध्ये तोच कांदा काढायचा, पात कापायची, चाळीत भरायचा. त्यात डाळिंबाची तोडणी. सकाळी भाकरी बांधून निघालेली बाई दिवेलागणीला पिकअपमधून उतरते, तेव्हा तिच्या खिशातला मोबाईल वाजणार आणि विचारणार, ‘आज काय बेत?’ हे विचारायचा अधिकार त्या मोबाईलला कुणी दिला? त्याच वेळी घरात मोबाईल घेऊन बसलेला पंचवीस वर्षांचा धडधाकट मुलगा आहे. घंटी त्याच्या हातात वाजायला हवी. ती वाजत नाही, कारण अ‍ॅप काढणाऱ्यांनी त्याला गिऱ्हाईक धरलंच नाही.

यावर लगेच उत्तर येतं की पुरुषांना स्वयंपाक येत नाही, त्यांना पाककृती माहीत नाहीत. हे मला पूर्ण अमान्य आहे. बागलाणात आणि सगळ्या खानदेशात भंडाऱ्याचा स्वयंपाक कोण करतं? शेकडो माणसांची वरण-बट्टी, गंगाळभर वांग्याची भाजी, कढईतून उतरणारी बुंदी हे सगळं पुरुषांच्या हातचं असतं. लग्नातले आचारी पुरुष. हमरस्त्यावरच्या ढाब्यावर शेवभाजीचा काळा मसाला परतणारा पुरुष. मळ्यात पार्टी ठरली की मटणाला तिखट किती आणि खोबरं किती यावर तासभर बोलणारेही पुरुषच. म्हणजे हात आहे, चव आहे, अंदाज आहे, आगीची सवय आहे. गावासाठी आणि मित्रांसाठी जे येतं ते घराच्या उंबऱ्याच्या आत आल्यावर कसं विसरलं जातं? भंडाऱ्यात वरण घोटलं की चार माणसं नाव काढतात. घरी रोज घोटलं तर कुणी बघतही नाही. ज्या कामाला मान नाही ते काम पुरुषाने बाईकडे ठेवलं, एवढाच याचा अर्थ. पाककृतीच्या अज्ञानाशी त्याचा काही संबंध नाही.

तसंही पाककृतींची कमतरता मराठीत कधी होती? रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापलं गेलं. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र’मध्ये एक हजार पाकक्रिया दिल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापं धरून तिने किती नव्या नवऱ्यांची आणि परदेशी गेलेल्या किती मुलांची पहिली आमटी सांभाळली असेल. आता मधुरा बाचल यांच्यासारख्या मराठी बायका यूट्यूबवर हवा तो पदार्थ पायरीपायरीने करून दाखवतात, तोही फुकट. दीडशे वर्षं आपण पाककृतींवर पाककृती रचतो आहोत. पाककृती मिळाली की माणूस रांधू लागतो हे खरं असतं, तर आज महाराष्ट्रात घरोघरी सगळेच रांधत असते. तरीही नव्या अ‍ॅपची जाहिरात ‘पाच हजारांहून अधिक पाककृती’ अशीच सुरू होते.

रोजच्या स्वयंपाकात पाककृती हा सगळ्यात सोपा भाग असतो. अवघड भाग पुस्तकात नसतो. आदल्या रात्री मटकी भिजत घालायची आठवण कुणी ठेवायची? दळण संपत आलंय हे कुणाच्या लक्षात येतं आणि गिरणीवर कोण जातं? मेथी निवडायची कुणी, लसूण सोलायचा कुणी, सिलिंडरचा नंबर कुणी लावायचा? फ्रिजमधली अर्धी वाटी उसळ आज संपवली नाही तर उद्या फेकावी लागेल, हे कुणाच्या डोक्यात असतं? एकाला तिखट चालत नाही, एकाला साखरेचा आजार, एक उपाशी शाळेत जातो, हे सगळं एकाच वेळी कोण धरून ठेवतं? आणि जेवण झाल्यावर परात, तवा, कुकर घासायला कोण उठतं? रांधायला तास लागत असेल, तर त्याच्या आगेमागे दोन तासांचं हे न दिसणारं काम असतं. कोणत्याही अ‍ॅपला मोल यायचं असेल तर इथे यावं लागेल. ज्या आराखड्यात भिजत घालणं नाही, दळण नाही आणि भांडी नाहीत, त्याला स्वयंपाकाचं अ‍ॅप म्हणवून घ्यायचा हक्क नाही.

आता गुण आणि पदकं. या मंडळींचा आवडता युक्तिवाद असा की परकी भाषा शिकवणारी अ‍ॅप सलग दिवसांची साखळी दाखवून लाखो माणसांना रोज ओढून आणतात, मग स्वयंपाकात तेच का चालू नये? का चालू नये ते सांगते. भाषा शिकणं हा एकट्याचा छंद आहे. साखळी तुटली तर घरात कुणी उपाशी राहत नाही. स्वयंपाकाची साखळी बाईच्या आयुष्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू असते. पाळी, बाळंतपण, ताप, कशानेही तिला तुटायची परवानगी नसते. तिला ‘सलग सात दिवस’ म्हणून पदक देणं म्हणजे तिच्या उभ्या आयुष्याचा अपमान आहे. आणि ज्या दिवशी तिने थकून बाहेरून पाव-भाजी मागवली त्या दिवशी मोबाईल तिला ‘तुमची साखळी तुटली’ असं कळवणार! आधीच घरातल्या चौघांना उत्तर देणाऱ्या बाईला आपण पाचवा जाब विचारणारा आणून देतो आहोत, हे यांना दिसत कसं नाही?

यांच्याच धंद्यात बी. जे. फॉग या स्टॅनफर्डच्या संशोधकाची २००९ सालची मांडणी पायाभूत मानली जाते. माणसाकडून एखादी कृती घडायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: इच्छा, जमण्याजोगी परिस्थिती आणि नेमक्या वेळेची आठवण. फॉगचा भर असा की इच्छा वाढवत बसण्यापेक्षा काम सोपं करावं. हे सगळं यांनी वाचलेलं असतं, आराखड्यात तिन्ही शब्द लिहिलेलेही असतात. आणि मग सगळा खर्च इच्छा वाढवण्यावर होतो, म्हणजे रंगांवर, पदकांवर, टाळ्यांच्या आवाजावर. परिस्थितीला कुणी हात लावत नाही, कारण परिस्थितीला हात लावायचा तर घरातल्या पुरुषाला उठवावं लागतं. त्याला उठवलं तर तो अ‍ॅप काढून टाकेल, ही खरी भीती आहे. ती भीती तरी मोकळेपणाने बोलून दाखवा.

परिस्थिती बदलणं म्हणजे काय, याचा दाखला आमच्याच गावात आहे. सटाण्यात ज्यांचं मंदिर आहे आणि ज्यांच्या नावाने मार्गशीर्षात रथ निघतो, यात्रा भरते, ते यशवंतराव महाराज मुळात बागलाणचे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी तिजोरीतले सुमारे १,२७,००० रुपये उपाशी लोकांना वाटले, असं सांगतात. म्हणून ते देवमामलेदार. त्यांनी लोकांना काटकसरीचे धडे दिले नाहीत, जिद्द वाढवायला गेले नाहीत. लोकांकडे जे नव्हतं ते दिलं. आज आमच्या गावातल्या रांधणारीकडे जिद्द आहे, कौशल्य आहे. नाही तो वेळ, आणि नाही तो दुसरा हात. अ‍ॅपने काय द्यायला हवं हे कळायला यापेक्षा दूर जायला नको.

फोटोंची गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. ज्वारी-बाजरीत अख्खे उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी करड्या रंगाची असते. उडदाचं वरण काळपट. फुणके, पातोड्यांची आमटी, नागलीची भाकरी, मिरचीचा ठेचा, यातलं काहीच झगझगीत उजेडात ‘छान’ दिसत नाही. साल्हेर-मुल्हेरच्या पायथ्याशी कोकणा आणि भिल्ल वस्त्यांत नागली आणि भगर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, व्यासपीठांवर नागलीची भाषणं झाली. आणि फोटोंना मतं मिळणाऱ्या अ‍ॅपमध्ये वर कोण येतं? पनीरची लाल भाजी, चीज घातलेला पराठा, कापून रचलेला केक. वर जे येतं तेच दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुचवलं जातं. महिनाभरात एका तालुक्याचं जेवण मागासलेलं ठरतं, आणि तेही घरच्या अन्नाला उत्तेजन देण्याच्या नावाखाली. घरच्या जेवणाचा गुण फोटोत मावत नाही. ताटात कोण कोण जेवलं, पोट भरलं का, उरलं ते वाया गेलं का, हे मोजा. ताटाचं रूप मोजू नका.

काहीजण उलट बाजूने बोलतात. सटाण्यात कशाला हवं असलं अ‍ॅप, तिथे सगळे घरीच जेवतात, ही गरज पुण्या-मुंबईची, असं त्यांचं म्हणणं. खेड्याकडे बघायचा हा सुखवस्तू दृष्टिकोन आता सोडायला हवा. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कुटुंब खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारताच्या एकूण खर्चापैकी ९.६२ टक्के खर्च पेयं, खाऊ, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ या खात्यावर होता. धान्यावरचा ४.९१ टक्के. रेशनचं फुकट धान्य या हिशेबात धरलेलं नाही आणि या खात्यात चहाही येतो, हे मान्य. तरी १९९९-२००० साली हेच प्रमाण उलटं होतं, धान्य २२ टक्क्यांच्या आसपास आणि हे खातं चार टक्क्यांच्या आसपास, ही गोष्ट विसरता येत नाही. विंचूर-प्रकाशा रस्त्याने ताहाराबादकडे संध्याकाळी जाऊन बघा, चायनीजच्या गाड्या कुठवर पोचल्यात. वाडीवस्तीवरच्या टपरीवर पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात आणि रानात गेलेल्या आईची मुलं दुपारी त्यावर भागवतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असं त्यात म्हटलं आहे. हा भार शहराच्या वेशीवर थांबलेला नाही. गरज सटाण्याला आहेच. म्हणूनच चुकीच्या अ‍ॅपचा राग येतो.

आणि एक तिसरा आवाज आहे, तो पैशाचा. घरी रांधणं हे मागासलेपण, पुढारलेली माणसं बाहेर खातात, असं तो सांगतो. २०२४ मध्ये निखिल कामत या बड्या उद्योजकाने सिंगापूरचा दाखला दिला होता. तिथे भेटलेले अनेकजण घरी स्वयंपाकच करत नाहीत, काहींच्या घरात स्वयंपाकघरही नाही, आणि भारत त्या वाटेने गेला तर हॉटेलांच्या धंद्यात मोठी संधी आहे, असा त्यांचा सूर होता. सिंगापूरचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या. तिथला सामान्य माणूस स्वस्तात बाहेर जेवू शकतो, कारण सरकारने शंभरावर हॉकर सेंटरं उभी केली, तिथल्या स्वच्छतेवर पहारा ठेवला, जुन्या विक्रेत्यांना कमी भाड्यात गाळे दिले. ही सार्वजनिक व्यवस्था आहे, २०२० साली युनेस्कोने तिची दखल घेतली. आपल्याकडे १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली, केंद्रांच्या जागा राहिल्या आणि झुणका गेला. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. गरिबाच्या ताटाची सरकारी काळजी आपल्याकडे किती टिकते, हे ज्याला माहीत आहे तो स्वयंपाकघर बंद करायचा सल्ला देणार नाही. मजुराच्या घरातली चूल विझवून त्याला कुणाच्या दारात उभं करणार आहात?

बाहेरचं अन्न विकणाऱ्या बाईशी माझं भांडण नाही, हे इथेच स्पष्ट करते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांच्या पोळीला भाव मिळाला, बँकेचं कर्ज मिळालं, मान मिळाला. पोळी-भाजी केंद्रातून चार पोळ्या आणणं हे माझ्या लेखी घरचंच जेवण आहे. दमलेल्या बाईने त्या जरूर आणाव्यात आणि अ‍ॅपने त्या दिवसाला नापास ठरवू नये.

मग संस्कृतीवाले येतात. त्यांना हे अ‍ॅप हवं असतं, पण ‘हल्लीच्या मुलींना वळण लावायला’. मुलींना? साने गुरुजी खानदेशातच, अमळनेरला शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाचं काम पाहत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, कपड्यांच्या घड्या घालत, आणि ते पाहून मुलं लाजून स्वतः करू लागत. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये मुलगे आणि मुली एकत्र रांधत, तो शिक्षणाचाच भाग होता. संस्कृतीचा हा धागा यांना आठवत कसा नाही? जपानमध्ये गृहविज्ञान हा मुलींचा विषय समजला जाई. १९९३ साली तिथल्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत आणि १९९४ साली उच्च माध्यमिक शाळांत तो मुलामुलींना सारखाच सक्तीचा झाला. ब्राझीलच्या सरकारने २०१४ साली आहाराची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात रांधण्याचं कौशल्य मुलगे-मुली दोघांना द्यावं आणि घरच्या पुरुषांनी कामाचा वाटा उचलावा असं लिहिलं आहे. ती काही बायकांच्या संघटनेची पत्रिका नव्हती, आरोग्य मंत्रालयाचं पुस्तक होतं. पोषणाचा प्रश्न कामाच्या वाटपापाशी येऊन थांबतो, हे त्यांनी सरकारी कागदावर मान्य केलं. आपले अ‍ॅपवाले ते खाजगी कागदावरही करायला तयार नाहीत.

तेव्हा सटाण्यासाठी अ‍ॅप काढायचं असेल तर ते कसं असावं, हे मी सांगते. अ‍ॅप उघडल्यावर पहिला प्रश्न: ‘या घरात कोण कोण जेवतं?’ दुसरा: ‘त्यातलं कोण काय करतं?’ जो जेवतो त्याचं नाव यादीत, आणि ज्याचं नाव यादीत त्याच्या मोबाईलवर कामाची पाळी. रात्री नऊ वाजता थोरल्या मुलाला आठवण: मटकी भिजत घाल. शनिवारी नवऱ्याला: दळण संपत आलंय, मोटारसायकलने गिरणीवर टाकून ये. दुपारी चारला, शाळेतून आलेल्या धाकट्याला: लसूण सोल, कांदे काढून ठेव. संध्याकाळी साडेपाचला, बाई रानातून निघायच्या आधी, घरात असलेल्या माणसाला: डाळ-तांदूळ धू, कुकर लाव, शिट्ट्या इतक्या. ती घरी येईल तेव्हा तिला फक्त भाकरी थापायची असेल, आणि वर्षभराने तीही नसेल, कारण भाकरी थापणं मुलगाही शिकलेला असेल. जेवणानंतरची घंटी भांड्यांची, आणि ती रांधलेल्या माणसाच्या मोबाईलवर वाजताच कामा नये.

पाककृती त्यात असाव्यात, पण थोड्या, आणि घरात जे आहे त्यावरून निघणाऱ्या. बाजरी आहे, उडीद आहेत, कांदा आहे, शेंगदाणे आहेत, आता काय होईल? उन्हाळ्यात केलेली वाळवणं, कुरडया, बिबडे, सांडगे, हे आपल्या आयांनी पावसाळ्यासाठी आणि घाईच्या दिवसांसाठी करून ठेवलेलं झटपट अन्नच आहे. पुडीतल्या शेवयांना ते उत्तर आहे. पण वाळवणंही आता एकटीने होत नाहीत म्हणून बंद पडत चालली आहेत. तिथेही चार हात गोळा करायचं काम अ‍ॅपने करावं. माप सहा माणसांचं असावं, दोघांचं नको. सगळं आवाजावर चालावं आणि कुणी अहिराणीत ‘कळनानी भाकर’ म्हटलं तर त्याला समजावं. साल्हेरच्या बाजूला रेंज जाते, म्हणून इंटरनेटशिवाय चालावं. स्वस्तातल्या, भरत आलेल्या मोबाईलमध्ये मावावं. गॅस परवडत नाही म्हणून चुलीवर रांधणारी घरं अजून आहेत. ‘मध्यम आचेवर सात मिनिटं’ ही सूचना त्यांच्या काय कामाची?

उरला पैशाचा प्रश्न. ‘आधी माणसं जमवू, कमाईचं नंतर बघू’ असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. नंतर काय होतं ते उघड आहे. जमलेल्या माणसांना तयार मसाले दाखवले जातात, मग शेवयांची पुडी, मग ‘आज कंटाळा आला असेल तर मागवा’ असं बटण. घरच्या स्वयंपाकाचं अ‍ॅप हळूहळू बाहेरच्या अन्नाचं दुकान बनतं. ज्यांना खरंच काम करायचं आहे त्यांनी जाहिरात घ्यायची नाही हे पहिल्या दिवशी ठरवावं. उमेद अभियानाचे बचत गट तालुक्यात गावोगाव आहेत, शाळा आहेत, अंगणवाड्या आहेत. त्यांच्या हातून ते पसरवा. खर्च सरकारकडे मागा, गावाकडे मागा, वर्गणी काढा. भंडाऱ्याला पैसे कमी पडलेले सटाण्यात कुणी पाहिले नाहीत.

माझं हे ऐकून एक तरुण म्हणाला, ‘ताई, पण असं अ‍ॅप पुरुष घेणारच नाहीत.’ नसतील घेत. पहिल्या वर्षी थोडे घेतील. पण मग जे अ‍ॅप तुम्ही बायकांच्या गळ्यात घालताय ते घरी स्वयंपाक वाढवण्यासाठी आहे असं तरी म्हणू नका. घरी स्वयंपाक वाढवायचा तर रांधणारे हात वाढले पाहिजेत. एकाच हातांकडून आणखी काम काढून घेण्याला वाढ म्हणत नाहीत.

अ‍ॅप काढणाऱ्या मुलामुलींनो, पहिल्या पडद्यावरची ती बाई काढून टाका. सटाण्यात या, एका घरात चार दिवस राहा, आणि चारही दिवस ताट वाढून घेण्याआधी स्वतः कुकर लावा आणि जेवण झाल्यावर भांडी घासा. आराखडा त्यानंतर काढा.